सहातल्या तीन तारा

गिरगावातली चाळ, दिवेलागणीची वेळ. खाली भाजीवाल्याची हाळी आणि वरच्या मजल्यावरून येणारा जॅझ गिटारचा आवाज: चक्, चक्, चक्, चक्.

वाजवणाऱ्या मुलीचा डावा हात जवळून बघा. तारा सहा, दाबल्यात फक्त तीन. उजव्या हाताचा फटकारा बसतो न बसतो तोच बोटं सैल पडतात. तारेवरून उचलत नाहीत, नुसता दाब सोडतात. स्वर जागीच थांबतो. हे थांबणं हातात बसायला महिने जातात.

एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ म्हणजे कॉर्ड. त्या तीन तारांवर कॉर्डचा मूळ स्वर, त्यापासूनचा तिसरा आणि सातवा. कॉर्ड प्रसन्न की उदास, ते तिसरा सांगतो. पुढच्या कॉर्डची ओढ सातव्यात असते. गिटारवादक फ्रेडी ग्रीनने काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं असाच ठेका धरला. सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवणं, अगदी क्वचित. मला वाटतं, जॅझ गिटार ऐकायला त्याच्यापासूनच सुरुवात करावी. आधी त्याची गिटार ऐकूच येत नाही. एकदा कानाला सापडली की मग सुटत नाही.

सोलो ऐकायचा तर गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचा. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, १९४२ मध्ये क्षयाने गेला. वय २५. त्याचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून ऐकून पुढचा मोठा गिटारवादक वेस माँटगोमेरी शिकला. ही मुलगीही तेच करते. छोटासा तुकडा लावते, आधी गुणगुणते, मग तारांवर शोधते. आपल्याकडे तालमीत आधी गळ्यातून काढायला लावतात, तसंच. आणि कॉर्डची ३२ बारांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या खंडांची, साखळी फिरून पहिल्या बारावर येते, तेव्हा समेची वाट पाहणारा आपला कान आपोआप सावध होतो.

हे संगीत मुंबईला नवं नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये वाजत होता. पुढे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी तो बाज आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आणला. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा भरला तो धोबी तलावच्या रंगभवनात, इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

खोलीत आता लय मोजणारा मेट्रोनोम सुरू झालाय. त्याची टकटक तिने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरली आहे. पहिली मात्रा कुणीच वाजवत नाही, ती तिची तिने मनात धरायची. आठव्या बारात चुकते. थांबते. पुन्हा पहिल्यापासून.