पदर, तांब्या आणि संध्याकाळचे सहा

(दृश्य : दहा बाय बाराची रिकामी खोली. पलंग, कपाट, एक खुर्ची. दुपारचं ऊन.)

उद्या सकाळी वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या या खोलीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहायला येणार आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे डिमेन्शिया. मुलगी आज दुपारीच आली आहे, आईला न घेता, आणि ते तिने योग्य केलं. खोली आदल्या दिवशी लागलेली असावी. आजींच्या डोळ्यांसमोर पेट्या उघडल्या, पलंग ओढले, की त्यांना एवढंच कळतं की काहीतरी मोडतंय.

मुलगी सगळ्यात आधी पलंग हलवते. घरी आई पलंगाच्या डाव्या बाजूने उतरते आणि मोरीही डावीकडेच आहे. इथे डावीकडे भिंत होती. रात्री तीन वाजता जाग आली की आई विचार करणार नाही, तिचं शरीर डावीकडे वळेल. तिथे भिंत लागली तर ती गोंधळेल, पलंगावरून पायथ्याशी सरकेल आणि पडेल.

या आजाराचं हे वळण आधी समजून घ्यायला हवं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवतो आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, बहुतेकदा त्याला फार लवकर इजा होते. त्यामुळे ‘ही तुझी नवी खोली’ हे वाक्य टिकत नाही, दहा वेळा सांगितलं तरी. हातापायांना लागलेल्या सवयी मात्र खूप उशिरापर्यंत शाबूत असतात. घरून टेबल-खुर्च्या आणण्यापेक्षा आईच्या दिवसाचा क्रम आणता आला, तर ती इथे रुळण्याची शक्यता जास्त.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे ८८ लाख माणसांना, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातले बहुतेक घरीच सांभाळले जातात. संस्थेचा विचार येतो तो बहुधा घरातल्यांच्या रात्री जागून संपल्यावर. तरीही मराठीत त्याला क्रियापद एकच लागतं : ‘टाकलं’. आईला आश्रमात टाकलं. हा शब्द निदान आईच्या समोर कोणी उच्चारू नये. वाक्य विसरलं जातं, ते बोलतानाचा चेहरा आणि आवाज मनात काहीतरी ठेवून जातो.

(दृश्य : मुलगी पिशवीतून गोधडी काढते.)

गोधडी न धुता आणली आहे, मुद्दाम. तिला घराचा वास आहे, खोबरेल तेलाचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा. धुतलेली, इस्त्रीची नवी चादर स्वच्छ असते, पण ती कोणाचीच नसते.

दाराबाहेर फोटो लावायचा तो आत्ताचा नको. बऱ्याच जणांच्या मनात स्वतःचं वय तीस-चाळीसच्या आसपास थांबलेलं असतं, पांढऱ्या केसांचा फोटो त्यांना परका वाटतो. शाळेच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या तरुण बाईंचा कृष्णधवल फोटो आणि खाली ठळक देवनागरीत त्यांना हाक मारायचे ते नाव. आरशाचंही तसंच. आरशातली म्हातारी पाहून ‘ही कोण बाई माझ्या खोलीत?’ असं विचारलं गेलं, की त्यावर लगेच पडदा लावावा.

फरशीकडे नीट बघा. गडद रंगाचं पायपुसणं या नजरेला खड्ड्यासारखं दिसतं आणि आजी उंबऱ्याशी अडून बसतात. चकाकती फरशी ओली वाटते. पायपुसणं काढून टाकलं की पुष्कळदा ‘चालायला नकार देतात’ ही तक्रारच राहत नाही.

(दृश्य : टेबलावर एक कागद. पेन.)

आता एक कागद. पाठपोट नको, एकाच बाजूला. पानभर लिहिलेला इतिहास रात्रपाळीच्या मावशींना वाचायला वेळ नसतो. त्यावर रोज उपयोगी पडेल तेवढंच : चहा आंघोळीआधी की नंतर, साखर किती, बशीत ओतून पितात का. झोपताना दिवा चालू लागतो का. कुठल्या कानाने नीट ऐकू येतं. श्रवणयंत्राची बॅटरी ३१२ नंबरची, म्हणजे तपकिरी पट्टीची, साधारण आठवड्याने बदलायची. ही एक ओळ नसली तर बंद पडलेलं यंत्र कानात तसंच राहतं आणि लोक समजतात आजार वाढला.

हाक काय मारायची, हेही लिहावं. संस्थेत सगळ्यांना सरसकट ‘आज्जी’ म्हणतात, प्रेमानेच. पण तीस वर्षं वर्गावर गेलेली स्त्री ‘बाई’ म्हटलं की मान वळवते, कोणी ‘अक्का’ला ओ देते, कोणी ‘वहिनी’ला. आणि घरात कोकणी, मालवणी किंवा अहिराणी बोलत असतील, तर त्या भाषेतले वीसेक शब्द लिहून द्यावेत. भूक, पाणी, दुखतंय, लघवी, थंडी. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटू लागते, आणि एरवी शुद्ध मराठी बोलणारी बाई अचानक फक्त आईच्या भाषेत मागणं मागते.

कागदाच्या तळाशी भीती लिहायच्या. ज्यांनी पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला, त्यांतल्या एखाद्याला जोराच्या पावसात ‘सामान वर घ्या’ असं वाटू शकतं. लातूर-धाराशिवकडच्या माणसाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप सोसला असेल, तर पहाटे उठून दाराकडे धावणं हे भटकणं नसेलही. अशा माणसाला पलंगावर परत ढकलू नये. हात धरून बाहेरच्या ओट्यावर न्यावं, पाच मिनिटं बसवावं, मग आत आणावं. कारण ठाऊक नसेल तर हेच वागणं ‘हिंसक’ म्हणून नोंदवहीत जातं आणि मागोमाग झोपेची गोळी येते.

(दृश्य : सकाळ. गाडी थांबते. आजी उतरतात.)

यायची वेळ सकाळी दहा ते अकरा. नाश्ता झालेला, अंग ताजं. संध्याकाळी कधीच नको. सोबत दोन माणसं पुरेत. सगळं कुटुंब निरोपाला आलं की कोणीतरी रडतं, आणि ते रडणं आजी उचलतात. जमलं तर त्याआधी महिनाभर आठवड्यातून दोन-तीन दिवस याच जागी दिवसापुरतं आणून बसवावं. वाक्यं राहिली नाहीत तरी जिना, बाक आणि चहा देणाऱ्या मावशींचा आवाज ओळखीचा होतो.

सोन्याच्या बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवून हुबेहूब खोटे घालावेत, पण ते दोन महिने आधीपासून. आल्या दिवशी गळा मोकळा करू नये. पुरुषांच्या बाबतीत खिशाचं तेच. पाकिटात दहा-दहाच्या चार नोटा, जुना पास, कुठल्याच कुलपाची नसलेली दोन किल्ल्यांची जुडी. रिकाम्या खिशात हात घालणारे आजोबा दिवसभर काहीतरी चोरीला गेलं म्हणतात, आणि तसं पाहिलं तर गेलेलंच असतं.

साडीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. संस्थेत सोयीसाठी गाऊन घालतात. परकराची नाडी, निऱ्या, पिना, हे सगळं शौचाला नेताना अवघड जातं, ते खरंच आहे. पण साठ वर्षं साडी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये उघडं वाटतं. तिचा उजवा हात पुन्हा पुन्हा डाव्या खांद्याकडे जातो.

(दृश्य : जवळून, खांद्यावर चाचपडणारा हात.)

ती पदर शोधते आहे. बोटं गाऊनचं कापड चिमटीत धरतात, ओढतात, सोडतात. बघणाऱ्याला वाटतं चाळा आहे. खांद्यावर एक सुती ओढणी किंवा मऊ पंचा टाकून बघा. हात तो धरतो, पुढे ओढून घेतो आणि मांडीवर येऊन शांत होतो. वेल्क्रो लावून शिवलेली तयार साडीही मिळते, ती दिवसा नेसवता येते. कपड्यांचे सहा-सात जोड पुरतात, प्रत्येकावर आतून लाल धाग्याने नाव शिवलेलं. शाईचं नाव लाँड्रीत टिकत नाही.

(दृश्य : न्हाणीघर. बादली, तांब्या, पाट.)

सगळ्यात जास्त झटापट होते ती आंघोळीला. पांढऱ्या टाइल, वर शॉवर. शॉवरचं पाणी डोक्यावरून, न दिसणाऱ्या जागेतून येतं, आवाज करत येतं. आयुष्यभर बादलीतून तांब्याने पाणी घेतलेल्या माणसाला तो मार वाटतो. मग किंचाळणं, मावशींचा हात चावणं.

बादली-तांब्या आणा. बसायला पाटाऐवजी हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची, पाट निसरडा असतो. पाणी कोमट, आपल्या कोपराने पाहिलेलं. मग पहिला तांब्या अंगावर ओतू नका. तो आजींच्या हातात द्या. सुरुवात पायांवरून, मग हात, मग खांदे. डोकं शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी. मांडीवर टॉवेल आधीपासून असू द्या, उघडं पडल्याची लाज शेवटपर्यंत जात नाही. साबण तोच, घरचा. एका वेळी एकच सूचना, तीही तीन-चार शब्दांची. ‘आई, पाय धुऊ.’ नाहीच म्हणाल्या तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारावं, नाहीतर त्या दिवशी अंग पुसून घ्यावं. आंघोळ चुकल्याने बिघडत नाही, धरून-ओढून घातलेल्या आंघोळीने पुढचे आठ दिवस बिघडतात.

कमोडही असाच. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड नजरेला सापडत नाही. ज्यांचं आयुष्य भारतीय संडासात गेलं, त्यांना ती बसायची खुर्ची वाटते, आणि मग कोपऱ्यातली बादली वापरली जाते. निळ्या किंवा लाल रंगाची सीट बसवावी. दार दिवसा उघडं, रात्री आत पिवळा दिवा. जाग असेपर्यंत दर दोन तासांनी स्वतःहून घेऊन जावं.

(दृश्य : जेवणाचं ताट.)

चकचकीत स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट दिसते आणि पांढऱ्या थाळीत दहीभात दिसत नाही. हिरवं किंवा निळं ताट घ्या. चार वाट्या मांडल्या की कुठून सुरू करायचं ते सुचत नाही, म्हणून आधी वरण-भात कालवून द्यावा, तो संपला की भाजी. चमचा हातात कोंबू नये. हाताने घास घेणं फार उशिरापर्यंत जमतं. पाण्यासाठी काचेचा पेला नको, तो दिसतच नाही. पाणी-चहा पिताना वारंवार ठसका लागू लागला, तर डॉक्टरांना लगेच सांगावं, कारण पाणी फुफ्फुसात जाऊ लागलेलं असू शकतं.

आणि एक गोष्ट नातेवाइकांनी पाठ करावी. एक-दोन दिवसांत एकाएकी खूप बदल झाला, बडबड वाढली किंवा माणूस अगदी गळून गेलं, तर ‘आजार पुढे गेला’ असं मानू नये. लघवीचा संसर्ग, पोटात साठलेला मळ, रक्तातलं उतरलेलं सोडियम, कमी पाणी, नवी सुरू झालेली गोळी, बहुधा यांतलं काहीतरी असतं, आणि पुष्कळदा ते बरं होतं.

(दृश्य : दुपार. आजी लसूण सोलत आहेत.)

दुपारी हाताला काम हवं, आणि ते खरं हवं. लसूण सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, पंचे घडी घालणं. सोललेला लसूण त्यांच्यासमोर स्वयंपाकघरात जावा. मणी, खडे, सुट्टी नाणी देऊ नयेत, तोंडात जातात.

(दृश्य : खिडकीबाहेर अंधारत चाललेलं.)

संध्याकाळचे सहा. ‘मला घरी जायचंय.’

मेंदू दिवसभराने थकलेला असतो, शरीराचं घड्याळ बिघडलेलं असतं, उजेड उतरतो. त्यात पाळी बदलते. दिवसभराच्या मावशी गणवेश बदलून, पर्स खांद्याला लावून दिवाणखान्यातून निघतात. आजींनी काय समजायचं? सगळ्या घरी चालल्या, मलाही निघायला हवं. कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराने जावं, एवढ्या बदलाने फरक पडतो. चार वाजता उन्हात फिरवणं, साडेपाचलाच सगळे दिवे लावणं आणि पडदे ओढणं, कारण काळ्या झालेल्या काचेत परकी माणसं दिसतात. निरांजन लावायला बहुतेक ठिकाणी आगीच्या भीतीने मनाई असते. बॅटरीचा दिवा चालतो, घंटा खरी असावी. शुभंकरोती सुरू झालं की ओठ आपोआप हलू लागतात.

तरी घर हवंच असेल, तर ‘आता हेच तुझं घर’ म्हणू नका. त्या ज्या घराबद्दल बोलतात ते बहुधा सासरचंही नसतं, माहेरचं असतं. ‘घरी कोण वाट बघतंय?’ असं विचारावं. अंगणात काय लावलं होतं, गोठा कुठे होता. त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालावं, एक फेरी मारावी, परत यावं. ‘अहो, ते तर पाच वर्षांपूर्वी गेले’ हे सांगू नये. ती बातमी दर वेळी पहिल्यांदाच कळते.

परदेशातल्या मुलांसाठी एवढंच : कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळी साडेसातला केलेला फोन इथे रात्री आठला वाजतो, दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी. तिकडे रात्री साडेदहाला करा, इथे सकाळचे अकरा असतात. फोनच्या छोट्या पडद्यावरचा चेहरा गोंधळवत असेल तर नुसता आवाज ऐकवा.

(दृश्य : मुलगी पायऱ्या चढते. चपला दाराबाहेर काढते, पर्स ऑफिसात ठेवते.)

‘पंधरा दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील,’ असं काही ठिकाणी सांगतात. आम्हाला ते पटत नाही. छोट्या भेटी असाव्यात, अर्धा-पाऊण तास, सकाळी अकराच्या सुमारास. ‘मी कोण, ओळखलंस का?’ ही परीक्षा घेऊ नये. आल्यावर आपणच सांगावं, ‘आई, मी आले.’ तेलाची बाटली घ्यावी, डोक्याला तेल लावावं, वेणी घालावी.

पर्स आणि चपला दिसल्या की आईला निघायची आठवण होते, म्हणून त्या बाहेर. निघायची वेळ जेवणाच्या ताटाशी जुळवावी. ताट येतं, आई पहिला घास घेते. मुलगी उठते. मराठीत निघताना आपण ‘जाते’ म्हणतच नाही.

‘येते हं, आई.’

‘ये.’

(दृश्य : आजी भात कालवतात. डाव्या खांद्यावरची ओढणी घसरते, त्या ती पुढे ओढून घेतात.)