पुढची तारीख

पहाटे साडेपाच. नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या बसस्थानकात अजून दिवेच चालू आहेत. बाकावर एक आई बसलीय, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी तिचा पोऱ्या, पंचविशीतला. तो बोलत नाही, नुसता अंगठा बोटांवर घासत राहतो. पिशवीत नागलीची भाकर, पाण्याची बाटली आणि कॅरीबॅगेत गुंडाळलेला केस पेपर. घडीवर घडी पडून कागद मधोमध उसवलाय. त्यासोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकूण एक जपलेली. मावशींना वाचता येत नाही. गोळी चुकायला नको म्हणून पाकीटच पुढे करायचं, असा त्यांचा हिशेब.

कोटंबी घाट, करंजाळी, सावळघाट. नाशिकच्या सिव्हिलला पोहोचेस्तोवर ऊन वर येतं. गोळी बदलायची असली की मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर बसावंच लागतं, आणि त्या दिवशीचा रोज बुडतो.

या एसटीच्या मागे 40 वर्षांहून जुनी गोष्ट आहे. 1982 साली देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. मनाच्या आजाराचा माणूस लांबच्या मनोरुग्णालयात नेऊन टाकायचा नाही, ताप-खोकल्यासारखा त्याच्या गावाजवळच बरा करायचा, हा त्यामागचा विचार. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो करून दाखवला आणि त्याच धर्तीवर 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 2014 मध्ये राष्ट्रीय धोरण, 2017 मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2022 च्या नोव्हेंबरात आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण. कागदावर आपण मागे नाही.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. नाशकातही एक हवं, असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, आधी पाड्यावर गोळी पोहोचवा. निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत 10.6 टक्के प्रौढांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजारागणिक त्यातल्या 70 ते 92 टक्के लोकांवर उपचारच चालू नव्हते. एवढी माणसं खाटांवर मावणारी नाहीत. ती घरात आहेत, शेतात आहेत, मळणीच्या खळ्यावर आहेत.

त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचते ती आशाताई. तिच्या हातात एक तपासणी फॉर्म असतो. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का, असं विचारत ती शेवटाकडे येते. तिथे दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का?

आम्ही एका अंगणात हे बघत उभे होतो. समोरच्या बाईने दोन्हींना मान हलवली, नाही. आशाताईने पेन खाली ठेवलं. कोकणा आदिवासींच्या बोलीत, हळू आवाजात विचारलं, जेवण जातं का? झोप लागते का? जीव कशात लागतो का? बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, छातीत धडधडतं, डोकं जड होतं, पोरं जवळ आली तरी नकोशी होतात. भगताकडे जाऊन आली होती. बाहेरचं आहे म्हणाला, कोंबडं लागलं. फॉर्मवर 'उदास' लिहिलेलं आहे. या पाड्यांवर उदासपण छातीत धडधडतं, डोक्यात जड होतं. ते ओळखायला कान लागतो, आणि तो त्या ताईकडे होता.

हा फॉर्म 30 वर्षं वा त्यावरच्या माणसांसाठी आहे. पेठहून निघालेला आपला पोऱ्या त्यात बसत नाही. त्याचा आजार एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला. तेव्हा तो रात्र रात्र अंगणात चकरा मारायचा, कुणीतरी बोलतंय म्हणायचा. उपचार सुरू व्हायला चार वर्षं गेली.

गोळ्या सुरू झाल्या आणि तो सावरला. भात झोडायला लागला, मामाच्या गावी एकटा जाऊन आला. मग सुटल्या. आम्ही विचारलं, का सुटल्या? मावशी म्हणाल्या, "बरा झाला ना, मंग कशाला? आन् द्राक्षाला गेलो होतो."

द्राक्षाला. पेठ, सुरगाण्याची कुटुंबं भातकापणी उरकली की दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला उतरतात. घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मग जानेवारीपासून काढणी. महिनोन्‌महिने बिऱ्हाड बागेच्या कडेला. रजिस्टरमध्ये नाव पेठचं, माणूस दिंडोरीत. त्याच्या पाड्यावरची आशाताई दाराला कुलूप बघून परत जाते. बागेजवळच्या आशाताईच्या यादीत तो नसतोच. कायदा सांगतो, ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आवश्यक यादीतली औषधं मानसिक रुग्णाला मोफत मिळाली पाहिजेत. जवळचं ग्रामीण रुग्णालय बागेपासून कोसावर असेलही, पण तिथे जाऊन हक्काने मागता येतं हे मजुराला कुणी सांगायचं? धोरण राबवायचं म्हणजे माझ्या लेखी पहिलं काम हेच. माणूस जिथे हलतो तिथे त्याचा केस पेपर हलला पाहिजे.

आणि बाग म्हटली की औषध आलंच, फवारणीचं. शेडच्या कोपऱ्यात, कुठे पत्र्याच्या खोपटातही ते उघड्यावर पडलेलं असतं. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यात 22,746 महाराष्ट्रातल्या. राज्यांत आपला आकडा सगळ्यात मोठा. कांद्याचा भाव कोसळला, सोसायटीचं कर्ज थकलं, घरात भांडण झालं. ती एक वाईट घटका टळली तर पुष्कळ माणसं जगतात. औषधाच्या खोलीला कुलूप आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढ्यानेही ती घटका टळू शकते. कीटकनाशक सहज हाती लागू नये, हे आत्महत्या प्रतिबंधाच्या राष्ट्रीय धोरणातही आहे. 2030 पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण 10 टक्क्यांनी कमी करायचं आणि पाच वर्षांत, म्हणजे 2027 पर्यंत, प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी बाह्यरुग्ण सेवा उभी करायची, असं त्यात ठरलंय. हे बघताना तुमचाच जीव नकोसा झाला असेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

2027 हे साल नाशिककर वेगळ्या कारणाने मोजतायत. सिंहस्थ. रामकुंडावर आजही पायरीवर एखादा माणूस दिसतो, जटा झालेला, अंगावर गोणपाट, स्वतःशीच बोलणारा. लोक त्याला साधू समजून नाणं टाकतात. तो कदाचित कुणाचा तरी हरवलेला भाऊ असेल. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100 पोलिसांना सांगतं: अशा माणसाला कोठडीत टाकायचं नाही, 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने अशी हजारो माणसं बरी करून घरी पोहोचवली. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचार मिळाला तर या माणसाला स्वतःच्या गावाचं नाव आठवतं. गर्दीच्या नियोजनात त्याच्यासाठीही एक रकाना असावा, अशी मनापासून विनंती आहे.

सिव्हिलमध्ये दुपारचा एक वाजलाय. डॉक्टरांनी पोऱ्याला विचारलं, आवाज येतात का अजून? तो म्हणाला, येतात, पण लांबून. गोळी वाढवली. खिडकीवरून महिन्याच्या पट्ट्या मिळाल्या. मावशींनी जुनं पाकीट काढून नव्याशेजारी धरलं, रंग जुळवून पाहिला. जुळला, पण आकडा वेगळा होता, म्हणून पुन्हा विचारलं.

सिस्टरने केस पेपरवर पुढची तारीख टाकली. मग थांबल्या.

"मावशी, या तारखेला तुम्ही कुठे असाल?"

"दिंडोरीकडं, ताई. बागेवर."

"कुठल्या गावाला?"

मावशींनी गावाचं नाव सांगितलं. सिस्टरने तारखेखाली तिथून जवळच्या सरकारी रुग्णालयाचं नाव लिहिलं, वार लिहिला, डॉक्टरांकडून गोळीचं नाव आणि डोस मोठ्या अक्षरात लिहून घेतला, सही-शिक्का मारला. उसवलेल्या घडीवर चिकटपट्टी लावली आणि कागद परत कॅरीबॅगेत घातला.

पेठची एसटी तीन वाजता आहे. दोघं भाकर काढून खायला बसलेत.