पाण्याचा हात जरा आवरा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं पहिलं टोमॅटोचं रोप मीच मारलं. ऊन नडलं नाही, कीड नडली नाही, माझी हौस नडली. रोज सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी आणखी तांब्याभर, आणि जाता-येता घोटभर ते वेगळंच. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा वाटलं, तहानलंय बिचारं, म्हणून पाणी आणखी वाढवलं. शेवटी रोप उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली, आणि मातीला डबक्याचा वास. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, हे मला त्या दिवशी कळलं. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं रोपही तहानेल्यासारखं मान टाकतं. आणि आपण पुन्हा तांब्या उचलतो.

घरी सॅलडची पानं, मुळा, काकडी, टोमॅटो लावायचं ज्यांनी नुकतंच मनावर घेतलंय, त्यांच्याशी आज बोलायचं आहे.

ही सगळी मंडळी एका ताटात शेजारी-शेजारी बसतात, म्हणून ती एकाच उन्हात सुखानं वाढतील असं आपल्याला वाटतं. पण त्यांचे स्वभाव निराळे. लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला, याला थंडावा हवा. 15 ते 20 अंश तापमानात तो खुशीत असतो. उकाडा वाढला की घाईघाईनं मधून दांडा वर काढतो, फुलायची तयारी करतो, आणि पानं कडू होतात. टोमॅटोचं उलटं. त्याला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. चार तास उन्हावर तो जगेल, उंचही होईल, पण फळांच्या बाबतीत हात आखडता घेईल.

त्यामुळे बी आणायच्या आधी एक काम करा. सुट्टीचा दिवस धरा आणि तुमच्या गच्चीत, बाल्कनीत, खिडकीत ऊन कुठून येतं, कुठे सरकतं, कधी जातं ते दर दोन तासांनी बघून लिहून ठेवा. भरपूर उजेड म्हणजे ऊन नव्हे. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, झाडाला तिथे उपाशी राहावं लागतं. तीन-चार तासच ऊन मिळत असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा आणि पालेभाजीवर खूश राहा. यात कमीपणा काही नाही.

कुंडीबद्दल थोडक्यात. लेट्यूसची मुळं वरच्यावर पसरतात, त्याला 15 सेंटिमीटर खोलीचं पसरट भांडं पुरतं. टोमॅटोच्या एका रोपाला निदान 15 ते 20 लिटरची कुंडी, आणि एका कुंडीत एकच रोप. दोन लावायचा मोह मलाही झाला होता. दोन मरतुकडी रोपं मिळाली. अशी कुंडी भिजल्यावर 20-25 किलोच्या घरात जाते, तेव्हा ती कायमची कुठे बसणार ते आधी ठरवा. नुसती बागेतली माती भरू नका, कुंडीत ती विटेसारखी घट्ट बसते. माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तिन्ही सारखी घेतली की भागतं. तळाला भोकं हवीतच. मात्र निचरा व्हावा म्हणून तळाशी खडे-विटांचे तुकडे भरायची जी जुनी सवय आहे, तिचा उपयोग नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते तिथेच थबकतं. म्हणजे दलदल खाली राहायची ती वर सरकते, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

आता पाण्याकडे येतो. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे ऐका.

शेतकऱ्याच्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो, वाफसा. माती ओली आहे पण चिकचिकीत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टिचकी मारली तर फुटतो, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मातीत पाणीही आहे आणि हवाही. आपल्या कुंडीत आपल्याला हेच राखायचं आहे. त्याला यंत्र लागत नाही. तर्जनी मातीत दोन पेरं खुपसा. टोकाला गारवा लागला, बाहेर काढलेल्या बोटाला मातीचे कण चिकटले, तर आज पाणी नको. बोट कोरडं, स्वच्छ बाहेर आलं, तर पाणी द्या, आणि दिलंत की तळच्या भोकातून थेंब पडेपर्यंत सावकाश द्या. वरवर शिंपडलं की फक्त वरचा थर भिजतो, मुळंही वरच राहतात आणि दुपारच्या उन्हात होरपळतात. पाणी सकाळी द्यावं, बुंध्याशी द्यावं, पानांवर नाही. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण. रोज किती पाणी द्यायचं, असं मला विचारतात तेव्हा मी म्हणतो, रोज बोट घालायचं. पाणी द्यायचं की नाही ते बोट सांगेल.

सुरुवात कशानं करावी? माझं स्पष्ट मत, टोमॅटोनं करू नये. बी पेरल्यापासून पहिलं फळ हाती यायला साधारण 100 ते 120 दिवस जातात. नवख्या माणसाचा धीर तेवढा टिकत नाही. मुळा पेरा. बारका गोल मुळा 25 ते 30 दिवसांत काढायला येतो. बी थेट कुंडीत, अर्धा-एक सेंटिमीटर खोल. मुळ्याचं रोप उपटून दुसरीकडे लावू नये, गाठ नीट धरत नाही. उगवून आल्यावर विरळणी करा, दोन रोपांत तीन-चार बोटांचं अंतर ठेवा. सगळ्यात अवघड काम हेच. हातानं पेरलेलं, डोळ्यांदेखत उगवलेलं रोप उपटायला जीव होत नाही. पण दाटी ठेवलीत तर वर नुसता पाला आणि खाली शेपटीसारखं मूळ मिळेल. उपटलेली कोवळी रोपं धुऊन खाऊन टाका, म्हणजे अपराधी वाटणार नाही.

मुळ्याबरोबर लेट्यूस. गड्डा धरणारा नको, मोकळ्या पानांचा घ्या. त्याच्या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून खोल पुरायच्या नाहीत. भिजलेल्या मातीवर भुरभुरायच्या, वर चिमूटभर माती, बस्स. आणि हवा तापलेली असेल, 30 अंशांच्या आसपास, तर हे बी झोपूनच राहतं. बी खराब निघालं म्हणून आपण चिडतो. अशा वेळी ते ओलसर कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग सावलीत पेरा.

दीड महिन्यात पानं तोडण्याजोगी होतात. अख्खं रोप उपटू नका. बाहेरची दोन-तीन पानं तोडा, मधला गाभा ठेवा. तो आतून नवी पानं देत राहतो. तोडलेल्या जागी दुधासारखा पांढरा चीक येतो, बघा कधी. लेट्यूसचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, तेही लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच पडलंय. हा चीक कडसर असतो. रोप दांडा काढायला लागलं की चीक वाढतो आणि पान कडू लागतं. मग साखर-मीठ लावून काही होत नाही, नवं पेरायचं. म्हणून शहाणा माणूस सगळं बी एकदम पेरत नाही, दर दोन आठवड्यांनी चिमूटभर पेरतो.

हे दोन जमले की टोमॅटो. वांगं, मिरची, बटाटा यांच्या कुळातलाच हा. चेरी टोमॅटोपासून सुरुवात करा, तो नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरलं की आठवडा-दहा दिवसांत उगवतं. पहिली जी दोन लांबुडकी पानं दिसतात ती बियाची, टोमॅटोची नव्हेत. त्यानंतर कातरलेल्या कडांची खरी पानं येतात. अशी चार-सहा झाली की रोप मोठ्या कुंडीत न्यायचं. आधी आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवा; घरातल्या रोपाला एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात.

आणि लावताना एक गंमत करा. खालची पानं काढून टाका आणि खोड निम्म्याहून अधिक मातीत जाऊ द्या. इतर बहुतेक रोपांना असं गाडलं तर ती कुजतील. टोमॅटोच्या खोडाला मात्र मातीत गेल्या जागी सगळीकडून मुळं फुटतात. लुकडं, लांबट झालेलं रोप यानं सावरतं. आधाराची काठीही त्याच दिवशी रोवा. नंतर रोवलीत तर मुळं तुटतील. बांधताना सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, खोडाला फास बसू देऊ नका.

उंच वाढणाऱ्या जातीत पान आणि खोड यांच्या बेचक्यातून बगलफूट येते. ती बोटभर असतानाच चिमटीनं काढा. झुडपासारख्या बुटक्या जातींची काढू नका, त्यांची फळं त्याच फांद्यांवर येतात. पाकिटावर जात लिहिलेली असते, ते पाकीट फेकू नका.

मग पिवळी फुलं येतात आणि खरी काळजी सुरू होते. टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकाच ठिकाणी असतात, पण परागकण एका बंद नळीच्या आत असतात, मिठाच्या डबीसारखे. हलवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मोकळ्यावर वारा हे काम करतो, भुंग्यासारख्या काही माश्या फुलाला लटकून पंखांच्या स्नायूंनी ते थरथरवतात. बंद बाल्कनीत दोघंही नाहीत. तेव्हा दहा-अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर, फुलांच्या घोसामागे पेन्सिलीनं हलकेच टकटक करा. कधीकधी उन्हाच्या तिरिपेत पिवळी धूळ उडालेली दिसते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं. कुणालाही दिसली नाही.

टकटक करूनही फुलं गळत असतील तर तापमान बघा. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री पंचविशीखाली न उतरणारी हवा असली की फळधारणा होत नाही. तिथे खत घालून उपयोग नाही, हवा उतरायची वाट पाहायची. आणि रोप हिरवंगार, दणकट, पण फुलंच नाहीत असं असेल, तर नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, खत जास्त झालंय. ते थांबवून पालाशयुक्त, म्हणजे पोटॅशियमचं, खत द्या, तेही बेताचं.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर औषध फवारू नका. तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचलं नाही, आणि ते बहुतेक वेळा पाणी अनियमित दिल्यानं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर, असं करू नका. अंड्याची टरफलं घालायला सांगणारे पुष्कळ भेटतील. घाला, पण ती मातीत विरायला महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. पिकत आलेली फळं तडकतात तीसुद्धा याच अनियमित पाण्यानं.

काकडीबद्दल एवढंच, तिची नर फुलं आधी येतात आणि गळून जातात, घाबरू नका. ज्या फुलामागे इवलीशी काकडी दिसते ते मादी. आणि पाण्याची ओढ बसली तर फळ कडू होतं.

राहता राहिला पिकलेला टोमॅटो. सगळा लाल होईपर्यंत झाडावर ठेवायचा हट्ट नको, पक्षी आपल्या आधी उठतात. बुडाशी गुलाबी झाक आली की तोडा, घरात आणून ठेवा, चवीत फारसा फरक पडत नाही. हवा 30 अंशांच्या वर असली तर झाडावर नीट लाल रंग धरतही नाही, नारिंगीच राहतो. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्यानं त्याचा वास मरतो, आणि घरच्या टोमॅटोत वास हीच तर निम्मी चव. देठाची बाजू खाली करून टेबलावर ठेवा, दोन-तीन दिवस. तोडताना पानांना लागलेला हात नाकाशी धरून बघा, हिरवट, उग्र वास येईल. साबणानं धुतला तरी थोडा राहतोच.

नमस्कार.