पापागेनोच्या तोंडाला कुलूप

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही आणि मला आज बोलायचं आहे ते चित्रांबद्दलच. म्हणून आधीच एक विनंती करते. घरात पाच-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला हाक मारा. एक कोरा कागद आणि रंगीत खडू त्याच्यापुढे ठेवा. शेवटी तो कागद लागणार आहे.

आमच्या वस्तीतल्या छोट्याशा वाचनालयात रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टी सांगते. सतरंजीवर दहा-बारा मुलं असतात. तीन वर्षांपूर्वी मनात आलं, यांना ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक, ऐकवावा. मला तो फार उशिरा, चाळिशीत भेटला. लहानपणीच भेटला असता तर, ही चुटपुट कायम राहिली. पण पहिली खेप पार फसली. मी लॅपटॉप उघडला आणि संगीतकार मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'मधलं, म्हणजे 'जादूच्या बासरी'तलं, रात्रीच्या राणीचं ते प्रसिद्ध गाणं थेट लावलं. मिनिटभरात एकाने कानांवर हात घेतले. एक मुलगी सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, ही एवढी का ओरडतेय?"

प्रश्न अगदी रास्त होता. ती कोण, कुणावर चिडली आहे, तिच्यासमोर कोण उभं आहे, यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. नुसता आवाज मुलांच्या अंगावर सोडला होता.

वाट सापडली ती कोकणात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. सुटी चित्रं एकामागून एक लावलेली असतात, त्या संचाला ते पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग एकेका कागदावर. कलावंत चित्र समोर धरतो, गात गात कथा सांगतो, प्रसंग संपला की पुढचं चित्र वर येतं. याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ते सादरीकरण पाहताना माझ्या लक्षात आलं की चित्र सगळं सांगून टाकत नाही. भीमाने गदा उचललेली दिसते, ती खाली कशी आली ते गाण्यातूनच कळतं. चित्राने उत्सुकता लावायची आणि मग गप्प बसायचं. पुढचं काम गळ्याचं.

मी घरी येऊन जाड कार्डशीटचे चौदा तुकडे कापले आणि 'जादूच्या बासरी'ची पोथी करायला घेतली.

हाच ऑपेरा का? एक तर तो सर्वसामान्य लोकांसाठी लिहिलेला आहे. ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नाच्या वीडन या उपनगरातल्या नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. भाषा प्रेक्षकांची, म्हणजे जर्मन. संहिता लिहिणारा इमान्युएल शिकानेडर हाच ती नाटक मंडळी चालवायचा आणि त्यातल्या पापागेनो या पात्राची भूमिकाही त्यानेच केली. दुसरं म्हणजे याची घडण आपल्याला परकी नाही. पुष्कळ ऑपेरांमध्ये पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत गाणंच असतं. इथे मात्र गद्य संवाद आहेत आणि मधेमधे पदं. जर्मनमध्ये याला झिंगश्पील म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, त्या संगीत नाटकाची वीण जिच्या कानात आहे अशी आजी घरात असेल, तर तिला हे चटकन उमगेल. बोलता बोलता भावना दाटली की पद सुरू होतं, एवढं सांगितलं की पुरे.

आणि तिसरं कारण मला सर्वांत प्रिय आहे. त्या ऑक्टोबरात मोझार्टने आपल्या सात वर्षांच्या मुलाला, कार्लला, हा ऑपेरा दाखवायला नेलं. पत्नीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की नेलं म्हणून कार्लला खूप आनंद झाला. पुढे दोनच महिन्यांत, ५ डिसेंबरला, मोझार्ट गेला. हे पत्र वाचल्यापासून 'मुलांना काय कळणार' हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

आता पोथी उघडते. पहिल्या पानावर राजपुत्र तामिनो धावतोय, मागे भलामोठा सर्प. तामिनो बेशुद्ध पडतो. रात्रीच्या राणीच्या तीन दासी येऊन सर्पाला मारतात. दुसऱ्या पानावर येतो पापागेनो. अंगभर पिसं, पाठीवर पक्ष्यांचा पिंजरा, ओठांशी वेळूच्या नळ्यांचा छोटा पावा. जर्मनमध्ये पोपटाला पापागाय म्हणतात, त्यावरून हे नाव. हा पक्षी पकडून राणीला नेऊन देतो. त्याच्या पहिल्या गाण्यात पाव्यावर पाच स्वर पुन्हा पुन्हा वाजतात, चढत जाणारे. त्यांची जागा ओळखीची आहे: सा रे ग म प. मी मुद्दाम पेटीवर लावून पाहिलं. सतरंजीवर पेटी शिकणारी दोन मुलं होती, त्यांनी मी सांगायच्या आधीच ते ओळखलं. त्यानंतर गाण्यात जिथे जिथे पावा यायचा तिथे अख्खी सतरंजी "सारेगमप" म्हणायची. जर्मन शब्द कळत नव्हते, पण आपली जागा कुठे आहे ते सगळ्यांना कळत होतं.

तामिनो शुद्धीवर येतो. मेलेला सर्प बघून त्याला वाटतं, यानेच मारला. पापागेनोही बेधडक म्हणतो, "हो, मीच." तेवढ्यात त्या दासी परत येतात आणि खोटं बोलल्याबद्दल त्याच्या तोंडाला सोनेरी कुलूप घालतात.

हे पान मी बराच वेळ धरून ठेवते. चित्रात फक्त चेहरा आहे: गोल डोळे आणि ओठांवर कुलूप. मी विचारते, "आता याला गायचंय. हा कसा गाणार?" मुलं एकमेकांकडे बघतात. कुणी ओठ घट्ट मिटून प्रयत्न करतं. मग मी गाणं लावते आणि त्यातून येतं, "हं हं हं हं हं..." मोझार्टने कुलूपबंद माणसासाठी खरोखरच असं लिहिलं आहे. ओठ मिटलेली बारा मुलं एका सुरात गुणगुणायला लागतात. मी चाळिशीत रेकॉर्डवर ऐकलेलं ते गाणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

याच गोष्टीच्या पोटात आणखी एक चित्र आहे. दासी तामिनोला राणीच्या मुलीची, पामिनाची, छोटी तसबीर देतात आणि तो त्या तसबिरीकडे बघून गातो. इथे मला आपली उषा आठवली. स्वप्नात पाहिलेला तरुण कोण हे तिला कळेना, तेव्हा चित्रलेखेने एकेक चेहरा काढून दाखवला आणि अनिरुद्धाचं चित्र येताच उषा लाजली. मुलांना आधी ती कथा सांगते. माझ्या पोथीत मात्र तामिनोच्या हातातली चौकट कोरी आहे. त्याला काय दिसतंय ते गाणं ऐकून मुलांनी काढायचं. कुणाची पामिना दोन वेण्या घातलेली असते. एका मुलाने फक्त एक खिडकी काढली. मी विचारलं नाही. गाणं ऐकून त्याला खिडकी दिसली असेल तर ती आहे.

आणि ती रात्रीची राणी. तिच्यासाठी पान गडद निळं आहे. कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकाराने १८१६ साली बर्लिनच्या प्रयोगासाठी तिचा महाल रंगवला होता. निळा घुमट, त्यावर रांगेत चांदण्या आणि खाली चंद्रकोरीवर उभी राणी. त्याचंच छापील चित्र समोर ठेवून मी माझं बेतलं. यावेळी गाणं लावायच्या आधी सांगितलं, "ही आई आहे. तिने मुलीच्या हातात सुरी दिली आहे. म्हणते आहे, माझ्या शत्रूला, त्या सारास्त्रोला, मारलं नाहीस तर तू माझी मुलगी नाहीस." सतरंजी चिडीचूप झाली. आई असं म्हणू शकते, याची भीती प्रत्येक मुलाला कधी ना कधी शिवलेली असते. तिथे आपण घाईने "असं खरं नसतं हं" म्हणू नये. गाणं होऊ द्यावं. नंतर मूल मांडीवर येऊन बसलं तर बसू द्यावं.

मग प्रत्येकाला खडू दिला. आवाज वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली. मोझार्टने हे गाणं आपल्या मेहुणीसाठी, योझेफा होफरसाठी, लिहिलं. तिचा गळा विलक्षण उंच जायचा. त्यातला सर्वांत वरचा स्वर आणि त्याच ऑपेरात सारास्त्रोला लागणारा सर्वांत खालचा स्वर यांच्यामध्ये चार सप्तकांचं अंतर आहे. मुलांच्या रेघा चढत गेल्या, टोकदार झाल्या. पहिल्या खेपेला "का ओरडतेय" असं विचारणारी ती मुलगी पोटावर पडून काढत होती. तिची रेघ कागद संपला तरी थांबली नाही, सतरंजीवर गेली. तो निळा ओरखडा अजून तिथे आहे. मी पुसू दिला नाही.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. मूळ संहितेत मोनोस्टाटोस नावाचा पहारेकरी आहे. त्याचा काळा रंग आणि त्याचा दुष्टपणा तिथे एकत्र बांधले आहेत. बायकांबद्दलही हलके उद्गार आहेत. हे मी मुलांपुढे ठेवत नाही. माझ्या चित्रात मोनोस्टाटोसचा रंग इतरांसारखाच आहे, त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा तेवढा आहे. तो वाईट वागतो, कारण त्याला किल्ल्यांचा माज आहे. मोठी झाल्यावर ही मुलं मूळ संहिता वाचतील तेव्हा त्यांना प्रश्न पडावेत आणि ते त्यांनी मोकळेपणी विचारावेत. पण पाच वर्षांच्या सावळ्या मुलाच्या मनात रंगावरून सल उमटवायचा मला अधिकार नाही. मोझार्टच्या संगीताचं यात काहीच कमी होत नाही.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पूर्ण ऑपेरा अडीच तासांच्या वर जातो. एका बैठकीत दोन गाणी पुष्कळ झाली. चित्र सुबक नसलं तरी चालतं. उलट अगदी बारकाईने काढलेल्या चित्रात मुलाला भर घालायला जागा उरत नाही. काठीसारखे हातपाय आणि एक कुलूप एवढ्यावर माझा पापागेनो उभा आहे. आणि चित्र दाखवत असताना गाणं लावू नका. आधी चित्र, मग क्षणभर शांतता, मग गाणं.

ही पोथी संपली की मी जर्मन संगीतकार हंपरडिंक यांच्या 'हान्सेल आणि ग्रेटेल' या ऑपेराकडे वळणार आहे. त्याची सुरुवात तर घरातच झाली. संगीतकाराच्या बहिणीने, आडेलहाइड वेटेने, मुलांच्या घरगुती खेळासाठी भावाकडे चार गाणी मागितली. त्याचा पुढे ऑपेरा झाला आणि १८९३च्या नाताळात वायमारला त्याचा पहिला प्रयोग झाला.

पण आज पापागेनो. त्याची शेवटची जागा सांगते. त्याला जोडीदारीण हवी असते, पण ती सापडून हरवलेली असते. तो अगदी हताश झाला आहे. तेवढ्यात तीन मुलगे येऊन त्याला आठवण करून देतात, अरे, तुझ्याजवळच्या त्या जादूच्या घंटा वाजव ना. तो वाजवतो आणि पापागेना समोर येते. दोघांना इतका आनंद होतो की शब्दच फुटत नाही. तो म्हणतो "पा", ती म्हणते "पा". मग "पा-पा", मग "पा-पा-पा". असं करत करत एकमेकांचं नाव पुरं होतं.

तुमच्या मुलापुढे कागद आहे ना? त्याला म्हणावं, कागदाच्या एका टोकाला पापागेनो काढ, दुसऱ्या टोकाला पापागेना, आणि मधली जागा मोकळी सोड. झालं काढून? आता प्रत्येक "पा"ला दोघांना एकेक पाऊल जवळ आण.

ध्वनिमुद्रण लावते आहे. ऐका.