गणिताचे पेपर मोजू नका

(इंदूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अर्थशास्त्राला गणित लागतं का, या प्रश्नाला आपल्या इंदुरात दोनच उत्तरं मिळतात. बारावीला गणित सोडलेल्याला सांगतात, "काही लागत नाही, पाठांतराचा विषय आहे." न सोडलेल्याला विचारतात, "मग इंजिनिअरिंग का नाही घेतलं?" दोन्ही म्हणणारे काका बहुधा एकच असतात. (हशा)

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांची तुलना करताना लोक गणिताचे पेपर मोजतात. इथे दोन, तिथे चार, म्हणजे तिथलं भारी! बघायचं असतं ते वेगळंच: कुठलं गणित कधी येतं, आणि अर्थशास्त्राचा पेपर ते वापरतो का.

इंदूर आहे, तर उदाहरण पोह्यांचंच घेऊ. पोहे २० रुपये प्लेट, जिलेबी ४०, महिन्याचे ८०० रुपये. समाधान म्हणजे पोह्यांच्या प्लेटा गुणिले जिलेबीच्या प्लेटा, असं धरा. शेव वेगळी मोजत नाही, ती वरून पडतेच. लाग्रांजची रीत (ठरलेल्या बजेटात जास्तीत जास्त समाधान काढायची) लावली की २० प्लेट पोहे, १० प्लेट जिलेबी, समाधान २०० आणि लॅम्डा, म्हणजे त्या रीतीत बजेटच्या अटीला लावलेला गुणक, अर्धा. इथवर सगळे येतात, कारण गुण इथवरच मिळतात. हा अर्धा कशाचा, म्हटलं की वर्ग गप्प.

तो शेवटच्या रुपयाचा भाव आहे. बजेट एका रुपयाने वाढलं तर समाधान साधारण अर्ध्याने वाढतं. पटत नसेल तर ८२० रुपये घ्या: साडेवीस गुणिले सव्वादहा, म्हणजे २१०.१२५. (अर्धी प्लेट कोण देतं, हे विचारू नका.) वीस रुपयांत दहाच्या जरा वर. जरा वर का? लॅम्डा हा ८०० रुपयांपाशीचा उतार आहे, आणि पुढे तो वाढत जातो. आता गंमत बघा. गणिताच्या तासाला म्हणतात, अर्थ अर्थशास्त्रात बघा. अर्थशास्त्राच्या तासाला म्हणतात, ते गणितात झालंय. लॅम्डा बिचारा पोरका!

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, आणि पत्रिकेत छापलेली तुलना अजून व्हायचीय. भराभर घेतो.

दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या बीए ऑनर्सला सीयूईटीत (विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत) गणित हवंच; २०२२च्या रचनेत सूक्ष्म अर्थशास्त्र, गणिती पद्धती आणि संख्याशास्त्र पहिल्याच सेमिस्टरला शेजारी शेजारी येतात. केंब्रिजला अर्थशास्त्रासाठी ए-लेव्हल (तिकडची बारावीच्या तोडीची परीक्षा) गणित सक्तीचं, ऑक्सफर्डच्या पीपीईला (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र) नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत कॅल्क्युलसचे दोन कोर्स सगळ्यांनाच. गणिती अर्थशास्त्र घेतलं तर वर रेषीय बीजगणित (मॅट्रिक्सचं गणित) आणि रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसमागची काटेकोर सिद्धता). आपल्याकडच्या साध्या बीएला सहसा अशी अट नसते. ती बाकी पुढे वसूल होते: इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या पहिल्याच अर्थशास्त्राच्या पेपरात गणिती आणि संख्याशास्त्रीय पद्धती आहेत.

रेषीय बीजगणित कच्चं राहिलं तर? रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांवरून संबंध शोधताना, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिघांनाही डमी (तो ऋतू असेल तर १, नसेल तर ०, असा स्तंभ) दिला आणि स्थिरांकही (सगळीकडे १ असलेला स्तंभ) ठेवला, की तिन्ही स्तंभांची बेरीज म्हणजेच स्थिरांकाचा स्तंभ. मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही, म्हणून उत्तरही निघत नाही. बरीच सॉफ्टवेअरं एक डमी आपणच गाळतात, आणि विद्यार्थी तक्त्यात हिवाळा शोधत बसतो.

प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकाबरोबर सूक्ष्म अर्थशास्त्राच्या दोन जुन्या प्रश्नपत्रिकाही मागा. 'लॅम्डा काढा' इथेच प्रश्न संपतो, की 'त्याचा अर्थ सांगा' हेही विचारलंय, ते बघा. बाकीचे प्रश्न खाली चहापाशी, हॉल सोडायचाय.