भिंतीला सैल कोण करतं?

[दृश्य: ओल्या फडक्याची पुरचुंडी. गाठ सुटते.]

रात्री भिजलेली मटकी फडक्यात घट्ट बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली, तर मोड कापडाच्या विणीतून बाहेर डोकावत होते. एका रात्रीत एवढी लांबी आली, ती मुख्यतः मोडातल्या पेशी पाणी पिऊन ताणल्या गेल्यामुळे. पण प्रत्येक पेशीभोवती भिंत आहे. ती ताणली कशी गेली?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रांग.]

ही भिंत म्हणजे पेशीभित्तिका. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तिच्यात सेल्युलोजचे चिवट दोर, त्यांना बिलगलेल्या दुसऱ्या शर्करांच्या साखळ्या आणि मधल्या जागेत पेक्टिनचा लगदा. आत पाण्याचा दाब, बहुतेक वेळा मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट. भिंत अजिबात सैलावली नाही तर वाढ थांबेल. एकदम सैलावली तर पेशी फुटेल. हा तोल सांभाळण्यात भिंतीतल्या प्रथिनांचा मोठा वाटा आहे.

१९६० साली डेरेक लॅम्पोर्ट आणि नॉर्थकोट या संशोधकांना भित्तिकेत हायड्रॉक्सिप्रोलिन सापडलं. प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनात मुबलक असणारं हे अमिनो आम्ल वनस्पतीच्या भिंतीत भेटणं ही नवलाची गोष्ट होती. ते ज्या प्रथिनात होतं, त्याला लॅम्पोर्टनी ‘एक्स्टेन्सिन’ म्हटलं. भिंत ताणण्याचं काम हेच करत असेल, अशी तेव्हा आशा होती. निघालं उलट. एक्स्टेन्सिनचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं विणतात आणि भिंत घट्ट करतात. नाव मात्र तेच राहिलं.

मग सैल कोण करतं?

[दृश्य: अंधारात उगवलेली काकडीची रोपं, फिकट, लांबुडकी.]

याचं उत्तर काकडीने दिलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो डोळ्यांनी पाहता येतो. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सायमन मॅक्वीन-मेसन, डॅनियल ड्युराचको आणि डॅनियल कॉसग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपाचा बीजदलांखालचा कोवळा दांडा घेतला. तो आधी गोठवला, म्हणजे पेशी मेल्या आणि उरल्या नुसत्या भिंती. तुकडा चिमट्यांत धरून हलक्या वजनाने ताणून ठेवला. साध्या द्रावात तो जागचा हलला नाही. आम्लधर्मी द्राव घालताच हळूहळू लांबू लागला. जीव नसलेली भिंत वाढत होती!

तोच तुकडा काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवला, तर लांबणं बंद. उष्णतेने प्रथिनं निकामी होतात, म्हणजे करामत प्रथिनाचीच असणार. मग दुसऱ्या न उकळलेल्या भिंतींमधून प्रथिनं काढून या निकामी तुकड्यावर घातली, आणि तो पुन्हा लांबू लागला. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं. त्या प्रथिनांना नाव मिळालं ‘एक्स्पान्सिन’.

[दृश्य: गाळणकागदाची पट्टी, दोन्ही टोकांनी ताणलेली.]

एक्स्पान्सिन काहीही कापत नाही. गाळणकागद म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे साखरेच्याच साखळ्या; त्या कापल्या तर साखर सुटते. एक्स्पान्सिन लागलं की तो कमकुवत होतो, पण साखरेचा एक कणही सुटत नाही. दोर आणि साखळ्या जिथे एकमेकांना चिकटलेल्या असतात, तिथली पकड तेवढी ते ढिली करतं. आतला दाब भिंतीला किंचित सरकवतो आणि पकड पुन्हा बसते. या कामाला प्रथिन लागतं तेही आमटीतल्या मिठाहून कितीतरी कमी.

आणि हे सगळं झाडाच्या ताब्यात असतं. ऑक्सिन हे संप्रेरक पेशीला भिंतीत आम्ल सोडायला लावतं, आणि आम्ल मिळालं की एक्स्पान्सिन कामाला लागतं. खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकतं, तेव्हा सावलीच्या बाजूला ऑक्सिन जास्त गोळा झालेलं असतं. त्या बाजूच्या भिंती जास्त सैलावतात.

[दृश्य: विदर्भातलं कपाशीचं शेत. पांढुरकं फूल.]

आता या शेतात येऊ. कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. केसाहून बारीक, आणि लांबीला अडीच-तीन सेंटिमीटर. फूल उमलतं त्याच सुमारास ती सालीतून डोकं वर काढते आणि साधारण तीन आठवडे लांबत राहते. या दिवसांत तिच्यात एक्स्पान्सिनची जनुकं जोरात चालू असतात. नंतर ती मंदावतात, भिंतीच्या आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात आणि लांबी कायमची ठरून जाते. बोंड फुटून कापूस हाती येतो, तेव्हा ती पेशी कधीच वाळून गेलेली असते.

शेतकरी वेचणीला धाग्याची लांबी पाहतो, व्यापारी तिच्यावर भाव सांगतो. ती लांबी ठरली ती हिरव्या, बंद बोंडाच्या आत, कुणाच्याही नजरेआड.

[दृश्य: तेच फूल, दुसऱ्या दिवशी. आता गुलाबी. कॅमेरा खालच्या इवल्या बोंडावर थांबतो.]

आत धागे निघाले आहेत.