गुंडाळी झालेला जुना फोटो: तुम्ही उघडू नका, त्याला उघडू द्या

हातात फोटो असेल तर आधी खाली ठेवा. हो, आत्ताच. मला माहितेय, तुमच्यातले निम्मे लोक व्हिडिओ बघता बघता दोन्ही अंगठे लावून तो सरळ करायला बसलेत.

नमस्कार. गेला महिनाभर कमेंटमध्ये एकच प्रश्न आहे. सगळ्यांना पणजोबांचे कृष्णधवल फोटो एआयकडून रंगीत करून घरच्या ग्रुपवर टाकायचेत. त्यासाठी माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या, आणि आतून निघाल्या सुरळ्या. 'ताई, सरळ कसे करू?'

सुरुवातीचं पटकन सांगते. हात धुऊन कोरडे करा, फोटो कडेनं धरा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत. फोटो आहे त्या अवस्थेत, जेवढा दिसतोय तेवढा, मोबाईलवर टिपून ठेवा. झालं.

आता मुद्दा. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे नुसता कागद नव्हे. कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे अगदी बारीक कण. आपल्याला जो चेहरा दिसतो, तो त्या चांदीचा. हवा कोरडी झाली की जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं, कागदाला आपल्याकडे ओढतं आणि फोटो चित्र आत घेऊन वळतो. गच्चीवर पापड घातलेत कधी? कडा उचलल्या जातात ना, तसंच. आता तो वाळलेला पापड तळहातानं दाबून सपाट करून दाखवा मला. तुकडे होतील. पण तोच पापड पावसाळ्यात डब्याबाहेर राहिला तर? सादळतो. मऊ पडतो, हवा तसा वाकतो.

तर फोटो सादळवायचा. भिजवायचा नाही! या दोन शब्दांत जेवढा फरक आहे, तेवढाच आजचा व्हिडिओ आहे.

घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला दोन बोटं गार पाणी. त्यात एक पातेली उपडी घाला, वर स्टीलची जाळी, जाळीवर फोटो. पाणी फोटोला कुठेही लागता कामा नये. झाकणाच्या आतून टिपकागद लावा, कारण झाकणाला दव धरतं आणि एक थेंब चेहऱ्यावर पडला की डाग कायमचा. झाकण लावा आणि उठा तिथून. पातळ कागदाचा फोटो दोन-तीन तासांत सैल पडतो, जाड कागद जास्त वेळ घेतो. अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे ते छोटे चौकोनी फोटो आठवतात? एका रोलमध्ये बाराच निघायचे, त्यामुळे सगळे जण श्वास रोखून उभे दिसतात. ते पातळ असतील तर लवकर सादळतात, लक्ष ठेवा. आणि डबा विसरून दोन दिवस गावाला जाऊ नका, बुरशी धरेल.

आता तीच गोष्ट परत. तासाभरानं डबा उघडला, फोटो अर्धा उलगडलाय, आणि हात शिवशिवतात: उरलेला अर्धा मी करते! नका. बोटाच्या टोकानं कड हलवून बघा. जरा जरी उलटा जोर जाणवला तरी झाकण लावा. ओल्या पोह्यासारखा मुकाट्यानं पडून राहिला, म्हणजे तयार.

हे मला कसं कळलं? माझ्या आईच्या शाळेचा ग्रुप फोटो होता, हातभर लांब, पावडरच्या डब्यात गुंडाळून ठेवलेला. मी तेव्हा कॉलेजात. आईला सरप्राइज द्यायचं म्हणून एका झटक्यात उलगडला. 'कर्र' असा आवाज आला, बारीकसा. तिसऱ्या ओळीतून आडवी भेग गेली, बरोबर आईच्या नाकावरून. कागद फाटला नव्हता, वरचं जिलेटिन तडकलं होतं. ते परत सांधत नाही. आई काही बोलली नाही. पण कुणी तो फोटो मागितला की म्हणते, 'हिला विचारा.'

आता इस्त्री. मागच्या व्हिडिओखाली एक काका म्हणतात, मधे सुती कापड घालून हलकी इस्त्री फिरवली तर काही होत नाही, आम्ही वर्षानुवर्षं करतोय. काका, मान्य, तुमचे फोटो वाचले. पण जिलेटिन म्हणजे जेलीत घालतात तेच. ओल आणि उष्णता एकत्र आली की ते वितळायला लागतं आणि कापडाला चिकटतं. कापड उचललं की काकू कापडावर. आणि 1970 नंतरचे गुळगुळीत रंगीत फोटो असतील तर त्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो. त्यावर इस्त्री म्हणजे तर कल्याणच. कुकरची वाफ, किटलीची वाफ, हेअर ड्रायर, सगळ्याला हेच उत्तर.

कोकणातून एक कमेंट होती: 'आमच्याकडे जुलैत फोटो आपोआप सरळ होतात, डबा कशाला?' खरंय हो! तुमची हवाच डबा आहे. फक्त तिथे न थांबता लगेच दाबायला घ्या, नाहीतर सरळ झालेल्या फोटोवर बुरशी बसते.

दाबायचं असं. चित्राच्या बाजूला बेकिंगचा न चिकटणारा कागद, कारण सादळलेलं जिलेटिन चिकट असतं. मागून-पुढून टिपकागद, त्यावर काच किंवा गुळगुळीत फळी, आणि वजनाला दिवाळी अंकांचा गठ्ठा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. तासाभरानं टिपकागद बदला, दुसऱ्या दिवशी परत बदला, मग आठवडाभर हात लावू नका. दोन दिवसांत काढलात तर संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरळी.

काही फोटो मात्र या डब्यात घालायचे नाहीत. स्टुडिओत हातानं रंगवलेले, मागे शाईपेनानं लिहिलेले, बुरशी धरलेले, पापुद्रे सुटलेले, काचेला किंवा एकमेकांना चिकटलेले, आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले. ते संवर्धकाकडेच, म्हणजे जुने फोटो-चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करून बघा.

ठेवायचं कसं, ते थोडक्यात. आम्लमुक्त कागदाची पाकिटं, आडवी, घरातल्या आतल्या भिंतीच्या कपाटात. चिकट पानांचे अल्बम नकोत, पीव्हीसीची पाकिटं नकोत, डांबरगोळ्या शेजारी नकोत. लॅमिनेशनबद्दल तर मला विचारूच नका. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलनं, कडेला, फोटो पालथा घालून कडक जागेवर. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि हे आत्ताच लिहून घ्या, तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथी कोण ते सांगणारी मावशी अजून फोन उचलतेय तोवर.

बरं, सकाळी शूटिंगच्या आधी मी एक डबा लावला होता. आतला फोटो सासूबाईंच्या मुंजीतल्या पंक्तीचा. मुंज त्यांच्या भावाची, त्या कोपऱ्यात लाडू घेऊन बसल्यात म्हणे. थांबा, कॅमेरा जवळ आणते. पंगत दिसतेय... केळीची पानं दिसताहेत... कोपरा अजून वळलेलाच आहे. कड हलवते. नाही, जोर लागतोय.

झाकण लावते.